पितरांवाचून स्वर्ग : नगर जिल्ह्यातील एका प्रश्नाचा इतिहास

आपली माणसे ज्या स्वर्गात नाहीत, त्या स्वर्गात सुख लाभेल का, हा प्रश्न अहमदनगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात धर्मांतराच्या निमित्ताने उभा राहिला. २०२४ मध्ये जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले असले, तरी बोलण्यात तो अजून नगरच आहे. या प्रश्नाला दोन बाजू होत्या. एक मेलेल्यांची : नवा धर्म कानावर न पडता जे वाडवडील गेले, त्यांचे काय? दुसरी जिवंतांची : एकाने धर्म बदलला आणि घरच्यांनी बदलला नाही, तर त्यांची ताटातूट या जगापुरती की कायमची? पहिल्या बाजूवरून नगरच्या एका मिशनऱ्याचे परतणे अमेरिकेत अडले. दुसरी बाजू मराठीतील एका श्रेष्ठ आत्मचरित्राचा विषय झाली.

जुनी समजूत

मिशनरी आले तेव्हा या मुलखात स्वर्गाची कल्पना कोरी नव्हती. हिंदू परंपरेत स्वर्ग हे कायमचे घर नाही. पुण्य असेपर्यंत तिथला मुक्काम, ते सरले की पुन्हा मृत्युलोक. याच जिल्ह्यात प्रवरेकाठी नेवासे येथे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली असे मानतात, तो पैसाचा खांब तिथे आजही दाखवतात. गीतेच्या नवव्या अध्यायावरील तिच्या निरूपणात स्वर्गसुखाचे हेच नाशिवंतपण विस्ताराने आले आहे. पहिल्या अध्यायात अर्जुनाची अडचण मात्र वेगळी आहे. आपल्याच माणसांना मारून मिळालेले राज्य, ते त्रैलोक्याचे असले तरी, सुखाचे कसे होईल, असे तो विचारतो. कुळ बुडाले की पिंड देणारे कोणी उरणार नाही आणि पितर खाली पडतील, ही त्याची दुसरी भीती.

ही दुसरी भीती घरोघर ठाऊक होती, कारण श्राद्धाचा सगळा विधी तिच्याभोवती उभा आहे. पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांना पिंड दिला जातो. भाद्रपदाच्या वद्य पक्षात पितरांची तिथी असते. ज्यांची तिथी ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या असते. दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड मांडून नातेवाईक कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवला नाही तर मेलेल्याचा जीव कशात तरी अडकला आहे, असे समजतात. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडतो आणि शब्द देतो : पोरांकडे आम्ही पाहू, मुलीचे लग्न करून देऊ, कर्ज फेडू. घरच्यांची काळजी मिटल्याशिवाय मेलेला माणूस पुढे जात नाही, असा या विधीचा अर्थ आहे. जिवंत आणि मृत यांचे सुख त्यात एकमेकांना बांधलेले आहे.

महाभारताच्या अखेरीस हाच विषय कथेच्या रूपाने येतो. बरोबर आलेल्या कुत्र्याला टाकून युधिष्ठिर इंद्राच्या रथात चढत नाही. स्वर्गात पोचल्यावर त्याला दुर्योधन दिसतो, पण भाऊ आणि द्रौपदी दिसत नाहीत. ते आहेत तिथे मला न्या, असा तो आग्रह धरतो. त्याला नरकात नेले जाते. तिथे आपल्या माणसांचे आवाज कानी पडताच तो तिथेच राहण्याचे ठरवतो. त्यानंतर ते दृश्य मायेचे होते, असे उघड होते. श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ १७१२ मध्ये पुरा झाला. त्याच्या वाचनातून आणि कीर्तनांतून पांडवांच्या कथा अक्षरओळख नसलेल्यांच्याही कानावर पडल्या होत्या. आपल्या माणसांवाचून स्वर्ग नाकारणारा धर्मराज या लोकांना परका नव्हता.

मिशनचे आगमन

अमेरिकन बोर्ड ही परदेशी प्रचाराची संस्था १८१० मध्ये न्यू इंग्लंडमध्ये स्थापन झाली. १८१३ मध्ये तिचे पहिले मिशनरी मुंबईला उतरले. डिसेंबर १८३१ मध्ये ॲलन ग्रेव्ह्‌ज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्वी यांनी नगरला ठाणे उघडले. बाबाजी रघुनाथ हे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ त्यांच्याबरोबर होते. पहिली वर्षे मृत्यूच्या छायेत गेली : १८३२ मध्ये हर्वी आणि १८३३ मध्ये बाबाजी, दोघेही पटकीने गेले. १८३३ मध्येच नगरला पहिली ख्रिस्ती मंडळी स्थापन झाली. जून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक नगरहूनच निघू लागले.

हे मिशनरी कॅल्व्हिनच्या प्रॉटेस्टंट परंपरेतले काँग्रिगेशनल पंथाचे होते. मरणाबरोबर तारणाची संधी संपते, त्यानंतर स्वर्ग किंवा नरक कायमचा, आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना करून काही उपयोग नाही, अशी त्यांची शिकवण होती. ख्रिस्ताचे नाव न ऐकता दर दिवशी हजारो लोक मरतात आणि नाशात जातात, हा विचारच मिशनला पैसा आणि माणसे मिळवून देणारी मोठी प्रेरणा होती. न्यू इंग्लंडचेच अठराव्या शतकातले धर्मपंडित जोनाथन एडवर्ड्‌स यांनी तर नरकवासींचे हाल पाहून स्वर्गातल्या लोकांचा आनंद वाढतो, असे प्रतिपादन केले होते. देवाचा न्याय पूर्ण झालेला दिसतो, म्हणून तो आनंद, असा त्यामागचा युक्तिवाद. जर्मन विचारवंत श्लायरमाखर यांनी १८२१-२२ च्या आपल्या ग्रंथात याच्या नेमके उलट मांडले. माणसाची सहवेदना जिवंत असेल, तर दुसऱ्यांच्या अनंत यातनांची जाणीव असताना त्याचे सुख पूर्ण होऊच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. नगरला आलेले पहिले मिशनरी श्लायरमाखरच्या नव्हे, एडवर्ड्‌सच्या परंपरेत वाढले होते.

जिवंतपणी फुटलेला घट

नगरच्या मिशनमध्ये १८३९ मध्ये हरिपंत आणि नारायण खिस्ती या ब्राह्मण बंधूंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे आणखी सुशिक्षित लोक आले. अशा माणसाशी घराचे नाते तोडण्यासाठी धर्मशास्त्रात घटस्फोट नावाचा विधी आहे. आज हा शब्द काडीमोडासाठी वापरतात. मुळात तो पतित झालेल्या नातलगाला मेलेला ठरवण्याचा विधी होता. मनुस्मृतीत त्याचे वर्णन आहे. अशुभ दिवशी संध्याकाळी नातलग गावाबाहेर जमतात आणि जिवंत माणसाच्या नावाने मृताला द्यावे तसे पाणी देतात. दासी पाण्याने भरलेला घट पायाने लवंडते आणि नातलग एक दिवस सुतक पाळतात. त्यानंतर त्या माणसाशी बोलणे, बसणे आणि वाटणी देणे बंद होते.

दोन्ही बाजूंच्या समजुती अशा समोरासमोर आल्या. मिशनच्या मते बाप्तिस्मा घेतलेला मुलगा तरला होता आणि न घेतलेली आई नाशाच्या वाटेवर होती. आईच्या मते मुलगा जिवंतपणी मेला होता आणि तिला पिंड देणारे कोणी उरले नव्हते. एकाच घराचे दोन परलोक झाले आणि प्रत्येकात दुसऱ्याला जागा नव्हती.

परतीचा मार्ग खुला ठेवावा का, यावर मुंबईत मोठा वाद झाला. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनमध्ये राहिला होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिल्यावर बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घेण्याची बाजू घेतली. सनातनी मंडळींनी विरोध केला. कायद्याने पुढे दोन गोष्टी ठरवल्या. १८५० च्या कायद्यानुसार धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जात नाही, हे पक्के झाले. १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या विवाहाचा प्रश्न हाती घेतला. पत्नी नांदायला नाही म्हणाली, तर न्यायालयाने तिला वर्षभराची मुदत द्यायची आणि मग पुन्हा विचारायचे. तेव्हाही ती धर्माच्या कारणावरून नाही म्हणाली, तरच विवाह मोडायचा. मेलेल्यांच्या बाबतीत मिशनची शिकवण अशी कोणतीच मुदत देत नव्हती.

वाड्या-वस्त्यांतील वाट

१८५० नंतर नेवासे, राहुरी, शेवगाव, पारनेर या भागांत मिशनचे काम मुख्यतः महार आणि मांग समाजांत वाढले. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर तर ते फार वेगाने पसरले. इथे धर्म एकेकट्याने बदलण्यापेक्षा नात्यांच्या धाग्याने पुढे सरकला. एका गावातला भाऊ ख्रिस्ती झाला की शेजारच्या गावातला मेहुणा, मग त्याचे भाऊबंद. सोयरीक कुठे जुळवायची, हा रोजचा प्रश्न होता, त्यामुळे एकटा माणूस नव्या धर्मात टिकणे अवघडच होते. मिशनची रीत एकेका माणसाची श्रद्धा तपासून बाप्तिस्मा देण्याची होती. लोकांची रीत घराने येण्याची होती. पत्नीला, आईला, भावाला मागे ठेवून एकट्याने तरून जाण्याची कल्पना महारवाड्यात फारशी रुजली नाही.

मेलेल्यांना मात्र बरोबर आणणे शक्य नव्हते, आणि नव्या धर्माला हा प्रश्न जगात जिथे तिथे भेटला आहे. फ्रिसियन लोकांचा राजा राडबोड ७१९ मध्ये वारला. त्याच्याविषयी अशी दंतकथा आहे की, बाप्तिस्म्यासाठी पाण्यात पाय टाकताना त्याने आपले पूर्वज कुठे आहेत, असे विचारले. ते नरकात आहेत, हे उत्तर ऐकताच त्याने पाय मागे घेतला. परक्यांबरोबर स्वर्गात बसण्यापेक्षा त्याला पूर्वजांबरोबर राहणे बरे वाटले. १५४९ ते १५५१ या काळात जपानमध्ये असलेल्या फ्रान्सिस झेवियरने आपल्या पत्रात लिहिले आहे की, नरकातल्या पूर्वजांना सोडवता येत नाही हे ऐकून तिथले नवख्रिस्ती रडत. पितरांना वर्षातून एक पंधरवडा देणाऱ्या मुलखात हा प्रश्न टळणे शक्य नव्हते.

नगरहून बोस्टनपर्यंत

या प्रश्नाला अमेरिकेत तोंड फोडणाऱ्यांत नगरचे मिशनरी रॉबर्ट ॲलन ह्यूम होते. १८४७ मध्ये त्यांचा जन्म मुंबईला भायखळ्यात मिशनरी कुटुंबात झाला. येल आणि अँडोव्हर येथे शिकून १८७४ मध्ये ते नगरला आले. १८७८ मध्ये त्यांनी तिथे मराठीतून पाळक तयार करणारे ईश्वरविज्ञान विद्यालय सुरू केले. १८८० च्या दशकात ते रजेवर अमेरिकेत गेले, तेव्हा त्यांच्या जुन्या अँडोव्हर विद्यालयात वादळ उठले होते. जर्मन विद्वान डॉर्नर यांच्या विचाराच्या आधारे तिथले काही प्राध्यापक एक शक्यता मांडत होते. ज्याला या जन्मी ख्रिस्ताची ओळखच झाली नाही, त्याला मरणानंतर आणि अंतिम न्यायापूर्वी ती संधी मिळू शकेल. या मताला भावी संधीचे मत म्हणत.

या मताने पूर्वजांच्या प्रश्नाचे स्वरूप बदलत होते. वाडवडील तरले, असे ते सांगत नव्हते. ते गेलेच, असे सांगायचेही बंधन मात्र त्यामुळे राहत नव्हते. दार बंद आहे असे ठामपणे न म्हणता मिशनऱ्याला निवाडा देवाच्या न्यायबुद्धीवर सोपवता येत होता. १८८६ च्या उन्हाळ्यात अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ह्यूम यांनी या मताला जागा असावी, अशी बाजू घेतली.

त्याचे पडसाद ताबडतोब उमटले. अमेरिकन बोर्डाचे कार्यालय बोस्टनला होते आणि त्याचे चिटणीस एडमंड ऑल्डन हे जुन्या शिकवणीचे कट्टर समर्थक होते. मरणानंतर संधी असेल तर समुद्र ओलांडून जायची निकड काय, आणि लोकांनी वर्गणी कशासाठी द्यायची, असा त्यांच्या पक्षाचा सवाल होता. बोर्डाच्या समितीने ह्यूम यांची नगरला पाठवणी रोखून धरली. ऑक्टोबर १८८६ मध्ये आयोवा राज्यातील डे मॉइन शहरी बोर्डाची वार्षिक सभा भरली, तीत हाच विषय गाजला. दरम्यान अँडोव्हरच्या पाच प्राध्यापकांवर धर्ममताच्या आरोपावरून खटला चालला आणि प्राध्यापक एग्बर्ट स्मिथ यांना पदावरून दूर करण्याचा निर्णय झाला. मॅसॅच्युसेट्‌सच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९१ मध्ये तो रद्द ठरवला. ह्यूम यांना १८८७ मध्ये परत जाण्याची परवानगी मिळाली. नव्या उमेदवारांना हे मत बाळगल्यावरून नाकारण्याचा प्रकार मात्र काही वर्षे चालू राहिला. १८९३ मध्ये ऑल्डन यांनी पद सोडल्यावर तो वाद निवळला.

भावी संधीचे मत मिशनच्या श्रद्धासूत्रात कधी आले नाही. बदलली ती बोलण्याची तऱ्हा. ह्यूम १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत हिंदू आणि ख्रिस्ती विचारांतील साम्ये व भेद यांवर बोलले. १९०५ आणि १९११ च्या त्यांच्या ग्रंथांतही भारताच्या धर्मेतिहासात देवाचे कार्य शोधण्याची भूमिका आहे. ज्यांना आधीच्या पिढीने सरसकट हरवलेले मानले होते, त्या पूर्वजांच्या साधनेला इथे मोल मिळाले. १८८६ मध्ये परत पाठवावा की नाही, असा ज्याच्याविषयी प्रश्न होता, तोच मिशनरी १९२४ मध्ये स्थापन झालेल्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीचा पहिला मॉडरेटर झाला.

कॅथलिक वाट

जिल्ह्यात १८७० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन जेझुइट धर्मगुरू आले. राहुरीजवळचे केंदळ हे त्यांच्या पहिल्या ठाण्यांपैकी एक. त्यांचे काम पुढे संगमनेर आणि आजच्या श्रीरामपूरच्या बाजूला वाढले. कॅथलिक शिकवणीत शुद्धिस्थानाची कल्पना आहे. देवाच्या कृपेत मेलेला, पण अजून पूर्ण शुद्ध न झालेला आत्मा तिथे असतो आणि जिवंतांच्या प्रार्थनेचा त्याला उपयोग होतो. २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी लोक कबरींवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात आणि मृतांसाठी मिस्सा होतो. प्रॉटेस्टंट मिशनने तोडलेला जिवंत आणि मृत यांच्यातला व्यवहार इथे वेगळ्या रूपात चालू राहिला. तरीही शुद्धिस्थान हे बाप्तिस्मा न घेतलेल्या पणजोबांच्या प्रश्नाचे थेट उत्तर नव्हते. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्याला स्पष्ट शब्द दिले. स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे सद्‌बुद्धीला अनुसरून जगले, त्यांनाही तारण मिळू शकते, असे परिषदेने म्हटले.

एका घरातली फाळणी

जिवंतांच्या ताटातुटीचे सर्वांत परिचित उदाहरण टिळक दांपत्याचे आहे. कोकणातल्या करजगावी १८६१ मध्ये जन्मलेले कवी नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. टिळक नगरला येऊन ईश्वरविज्ञान विद्यालयात शिकवू लागले. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही काळ पंढरपुरात नातलगांकडे होत्या. पुढे त्या नगर जिल्ह्यात पतीच्या जवळ आल्या, तरी सोवळे न सोडता त्यांनी आपले बिऱ्हाड आणि आपली चूल वेगळी ठेवली. नवरा आणि बायको जवळ असूनही एका पंगतीला बसत नव्हते.

‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. या वर्षांचा त्यातला वृत्तांत धर्मचर्चेपेक्षा भांडी, पाणी, मुलाचे आजारपण आणि नातलगांची बोलणी यांतून पुढे जातो. त्यांचे मन वादाने वळले नाही. जातपात देवाने निर्माण केली की माणसाने, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्याचे उत्तर मिळाल्यावर त्यांनी शिवाशिव सोडली. बाप्तिस्मा त्याच्या नंतर, १९०० मध्ये, राहुरीला. बाप्तिस्मा आधी आणि पंगत मागाहून, असा मिशनचा क्रम. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत पंगत आधी आली.

टिळक स्वतः हळूहळू मिशनच्या चौकटीबाहेर गेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला मानणाऱ्या, पण बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसांनाही त्यात सामील होता येत होते. जातीतून आणि घरातून न तुटता भक्त होण्याची ती वाट होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाल्याने तो प्रयोग फार वाढला नाही.

तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने आपल्या माणसांवाचूनच्या स्वर्गाला चार उत्तरे दिली गेली. स्वर्गात गेल्यावर नात्याची ओढच राहत नाही. न्याय पाहून समाधान मिळते. सगळ्यांना अखेर संधी मिळते. किंवा, तो निवाडा आपला नव्हे. नगरच्या इतिहासात पहिली दोन मागे पडली आणि उरलेल्या दोहोंनी जागा घेतली. हा बदल ग्रंथांइतकाच माणसांनी घडवला : पितरांच्या मुलखात राहिलेल्या मिशनऱ्यांनी, भाऊबंदांना घेऊन आलेल्या वाड्यांनी आणि पाच वर्षे वेगळी चूल मांडून बसलेल्या एका बाईने. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या हयातीत सुरुवातीच्या काही अध्यायांपलीकडे गेले नाही. पुढचे बहुतेक सगळे अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले.